दुसऱ्या पेटीतला स्पीकर

॥ श्री ॥

नाशिक,
९ जानेवारी २०२५

चि. शेखर यास,
उज्वलाताईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास तेव्हा मी हो-ना काहीच धड बोलले नाही. तुझा फोन सनीच्या गाडीत लावलेला असतो, आणि मी जे बोलते ते तुझा मुलगा, सून आणि वाटेत गाडीत घेतलेला कोणीही ऐकतो. शिवाय फोनवर तू आवाज चढवतोस, मग मी चढवते, आणि कामाचं बोलणं राहून जातं. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे. अक्षर वाईट असलं तरी चालेल, मी छत्तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्या आहेत.

नानांचं वर्षश्राद्ध झालं, आता सातबाऱ्यावरचं माझं नाव कमी करायचं, त्यासाठी मी हक्कसोडपत्रावर सही करावी, असं तुझं म्हणणं. करीन. आपल्याकडे बहिणी करत आल्या, दोन्ही आत्यांनी केली, मीही करीन. जमीन तू कसलीस, बाप तू सांभाळलास, त्याबद्दल माझा वाद नाही. सहीच्या दिवशी भावाने बहिणीला साडी नेसवायची असते, ती आणू नकोस. माझ्या कपाटात जागा नाही. मला त्या घरातून एकच गोष्ट हवी आहे. नानांचे दोन स्पीकर.

कोणते, असं विचारू नकोस. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबाच्या बंगल्यातला भलामोठा रेडिओग्राम मोडीत निघाला होता. नानांचं तेव्हा नामपूरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले आणि त्यातले दोन स्पीकर मांडीवर घेऊन एसटीने आले. आठ इंची, कागदी पडद्याचे, मागे मुठीएवढं लोहचुंबक. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. घरात जागा नव्हती म्हणून नानांनी ते सफरचंदाच्या खोक्यांत बसवले, आणि खोक्यांतच ते म्हातारे झाले. नाना नेहमी म्हणायचे की यांना एकदा बरोबर मापाची पेटी केली पाहिजे, खोक्यात ठेवणं म्हणजे चांगल्या गवयाला न्हाणीघरात गायला बसवणं. पेटीचं गणित मी त्यांना अकरा वर्षांपूर्वी मांडून दिलं होतं. पावसाळ्यात प्लाय फुगतो, तेव्हा उन्हाळ्यात करू, असं प्रत्येक उन्हाळ्यापर्यंत म्हणत राहिले. आता करते. प्लाय आणला आहे.

दोन्ही एकदमच पाठव. पडदा वर करून ठेव, त्यावर बोट लावू नकोस, चारी बाजूंनी जुनी चादर कोंब. आणि सनीच्या मोटरसायकलवरून नको.

छायाला आणि मुलांना आशीर्वाद. पायाची सूज उतरली का ते लिही.

तुझी,
उज्वलाताई


॥ श्री ॥

नामपूर,
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शेखरचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन दत्तू पत्र घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, अण्णा, कोर्टाची नोटीस दिसते. आजकाल हाताने लिहिलेलं पाकीट फक्त कोर्टातूनच येतं असं त्याला वाटतं. मी म्हटलं, कोर्टापेक्षा वरचं आहे, बहिणीचं आहे. सगळे हसले.

तू सही करणार हे वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. सटाण्याच्या वकिलाकडे कागद तयार होत आहेत. त्याने एप्रिलचा मध्य सांगितला आहे. सनीला घरामागच्या तुकड्यावर कांदाचाळ बांधायची आहे, सातबारा एका नावावर नसला की जागोजागी अडतं. तू समजूतदार आहेस म्हणून बरं. सोनजच्या भिवाच्या बहिणींनी त्याला किती नाचवलं ते तुला ठाऊक आहे.

एक स्पीकर एसटीच्या पार्सलने आज पाठवला आहे. पावती सोबत जोडली आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणे चादर कोंबली. छाया म्हणाली, लेकीला सासरी पाठवताना एवढी जपणूक केली नव्हती. दुसरा माळ्यावर मागच्या बाजूला आहे, पुढे पोती रचली आहेत. लाल कांदा हलला की काढतो. घाई करू नकोस.

पण ताई, सदुसष्टाव्या वर्षी सुतारकाम? तुझे गुडघे बदललेले. आता मोबाईलएवढ्या डबीतून घर दणाणतं. सनी म्हणतो, आत्याला मी नवीन आणून देतो, निळा दिवा लागणारा. मी त्याला म्हटलं, तू आत्याला ओळखत नाहीस, ती तो दिवा फोडून आत काय आहे ते बघेल.

माझ्या पायाची सूज उतरली. छाया बरी आहे, तिची आठवण आहेच. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शेखर


॥ श्री ॥

नाशिक,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल सुखरूप पोचलं, त्याला महिना होत आला. दुसऱ्याचा पत्ता नाही. लाल कांदा अजून हलतोच आहे काय?

आलेला स्पीकर मी हळद लावल्यासारखा मऊ ब्रशने साफ केला. पडद्याच्या कडेला एक बारीक चीर होती, ती पातळ कागद आणि सरस लावून सांधली. मग मोजला. प्रत्येक स्पीकरची स्वतःची एक कंपनसंख्या असते, त्या सुराला तो आपोआप जास्त हलतो. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसंच. ती मोजायला मोबाईलमधून सूर काढायचा, एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, मध्ये लावायचा आणि मीटरचा काटा बघायचा. याची सेकंदाला चोपन्न आली. साठ वर्षांच्या कागदाला हे फार चांगलं आहे. पेटी केवढी, तिला खालचं भोक केवढं, सगळं या आकड्यावरून ठरतं. जोडीतला दुसरा चोपन्नच्या एक-दोन इकडेतिकडे असणार, कारण जोडी लावूनच देत असत. त्या हिशेबाने मी दोन्ही पेट्या करून टाकल्या.

करून टाकल्या म्हणजे भिकन मिस्त्रीकडून करून घेतल्या आणि प्रत्येक फळीला त्याच्या उरावर उभी राहिले. त्याचा कारखाना अंबडच्या बाजूला आहे. पहिल्या दिवशी त्याने विचारलं की बाई, या कपाटाला दार कुठे? मी म्हटलं, दार नाही, पुढे एक गोल भोक आणि त्याखाली पाण्याच्या पाइपाएवढं दुसरं. तो म्हणाला, मग कोंबड्यांचं खुराडं आहे असं आधी सांगायचं. पाठीच्या फळीला त्याने एकोणीसच्या जागी सोळा मिलिमीटरचा प्लाय लावला होता. मी पट्टी आत घालून मोजलं आणि उखडायला लावलं. तो म्हणाला, अर्ध्या नाशिकची स्वयंपाकघरं मी केली, पण आत पट्टी घालणारी बाई पहिली. मी म्हटलं, म्हणूनच अर्ध्या नाशिकची दारं लागत नाहीत. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं. आतून आडव्या पट्ट्या मारल्या आहेत आणि भिंतींना जुनी घोंगडी चिकटवली आहे. बाहेरून फक्त तेल. चमकदार सनमायका त्याने तीनदा सुचवला, तीनदा नाही म्हटलं.

एका पेटीत स्पीकर बसला आहे. सकाळच्या बातम्या लावते. बातम्या सांगणारा माणूस खोलीत येऊन उभा राहतो. खोक्यात तो नेहमी पडशाने आजारी असायचा. नानांनी हे ऐकलं नाही.

दुसरी पेटी शेजारी आहे, तोंड उघडं ठेवून. दुसरा स्पीकर आठ दिवसांत पाठव. तो आला नाही तर मी स्वतः येऊन माळ्यावर चढेन, गुडघे बदललेले असले तरी.

छायाला सांग, तिने पाठवलेले पापड उत्तम होते, मीठ जरा कमी. सर्वांना आशीर्वाद, आणि कष्ट बेताने कर.

तुझी,
उज्वलाताई


॥ श्री ॥

नामपूर,
६ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

सनी उद्या नाशिकला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि दुसरा स्पीकर पाठवतो. माळ्यावरून काढताना मी धडपडलो, पण त्याला काही झालं नाही. जरा धुळकट आहे, पुसून घे. तुझ्या ब्रशने.

तुझ्या पेट्यांचं वर्णन मी छायाला वाचून दाखवलं. भिकन मिस्त्रीची तिला दया आली. म्हणाली, एवढ्या कामात त्या माणसाने तीन लग्नांची कपाटं केली असती. पण एक सांगतो, नाना असते तर खूश झाले असते. तुझं त्यांना नेहमीच कौतुक.

सहीची तारीख पक्की झाली, सोळा एप्रिल, बुधवार, सटाण्याच्या निबंधक कार्यालयात, सकाळी अकरा. तू आदल्या दिवशी नामपूरला मुक्कामाला ये. नानांच्या खोलीला रंग दिला आहे, पलंग काढून टाकला. छाया पुरणपोळ्या करणार आहे. आधार कार्ड आणि दोन फोटो आण.

आता तुझी जोडी जुळली. झालं ना समाधान? आमच्यावरचा जीव असाच असू दे.

तुझा,
शेखर


॥ श्री ॥

नाशिक,
१५ मार्च २०२५

चि. शेखर यास,
आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच.

सनीने स्पीकर आणून दिला. त्याने तो व्यवस्थित आणला, त्याच्याकडे दोष नाही. मी पेटीत बसवला, तारा जोडल्या, बातम्या लावल्या. जोडी बरोबर असली की बोलणारा माणूस दोन पेट्यांच्या मधोमध उभा राहतो, जिथे काहीच नाही तिथे. हा माणूस डावीकडे सरकत होता. मला वाटलं माझ्या कानांचं वय झालं. तारा उलटसुलट करून पाहिल्या, पेट्यांच्या जागा बदलल्या. माणूस पेटीमागोमाग फिरला. मग स्पीकर काढला आणि मोजला.

चोपन्न नाही, एक्याऐंशी. मी तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी, तीन रोधक बदलून मोजलं. एक्याऐंशी.

मग मी तो खिडकीत नेऊन पाहिला. लोखंडी चौकट तशीच आहे, कारखान्याचा शिक्काही तोच. पण कागद निराळा आहे, जाड, आणि लोहचुंबक अर्ध्या वजनाचं. हा त्याच काळातला, त्याच घराण्यातला, पण दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त रेडिओतला स्पीकर आहे. हा आपल्या नानांचा नाही.

शेखर, खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमलं नाही. आंबे तू चोरायचास आणि कोयी माझ्या दप्तरात ठेवायचास, आणि आईने नुसतं बघितलं की रडायला लागायचास. मला सांग की दुसरा कुठे आहे. कोणाला दिला असेल तर दिला म्हण. उंदरांनी खाल्ला असेल तर तसं म्हण. फुटका असला तरी पाठव. कागद फाटला तर नवा बसवता येतो, नुसतं लोहचुंबक उरलं असेल तरी मला ते हवं आहे. मी त्या घरातून मागितलेली ही एकच वस्तू आहे, आणि त्यातली अर्धीच मिळाली आहे.

उत्तर आल्याशिवाय मी सोळा तारखेचं नक्की सांगणार नाही.

तुझी,
उज्वलाताई


नामपूर,
२३ मार्च २०२५

ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी पाठवला तोच स्पीकर आहे. घरात दोन होते, दोन्ही तुझ्याकडे आले. तुझ्या मीटरवर काय येतं ते तुझं तू बघ.

पण आता तू विषय काढलाच आहेस तर ऐक. तू सातवीत असताना नाना तुला दुकानात शेजारी बसवून तारांचं झाळकाम शिकवायचे. मी दारात उभा असलो की म्हणायचे, जा, बैल पाणी पिऊन आले का बघ. पुढे दोघांना शिकवणं होणार नाही, जिचं डोकं चालतं ती शिकेल, असं घरात ठरलं. तू नाशिकला हॉस्टेलवर गेलीस, मी दहावीनंतर औताला जुंपलो. मी तेव्हा काही बोललो नाही. तूही काही बोलली नाहीस. तू दिवाळीला यायचीस, स्पीकरवरची धूळ पुसायचीस, आणि चार दिवस तू आणि नाना ओहम-बिओहम बोलत बसायचात. मला वाटायचं, या घरात पाहुणा मी आहे.

नाना सव्वादोन वर्षं अंथरुणात होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना उचलणं, धुणं, भरवणं मी आणि छायाने केलं. तू किती वेळा आलीस ते मी मोजलेलं नाही, तुझ्यासारखी मला मोजायची सवय नाही. पण तुझे फोन रोज यायचे. उशी किती उंच, खिडकी किती उघडी, औषध जेवणाआधी की नंतर. नाशिकहून फर्मानं. त्या माणसाची सेवा मी केली आणि आता एका पत्र्याच्या चकतीवरून तू मला चोर ठरवतेस.

सही करायची तर कर, नाहीतर नको करू. सनीला मी सांगेन की तुझ्या आत्याला चोपन्न पाहिजे होते.

शेखर


॥ श्री ॥

सटाणा,
२७ मार्च २०२५

ती. ताईंना,
सौ. छायाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मी इथे माझ्या बहिणीकडे आले आहे, तिच्याकडे बसून लिहिते. माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. लग्नाला सदतीस वर्षं झाली, मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहीत आहे. चुका पोटात घालाव्यात. यांना हे माहीत नाही, माहीत होऊ देऊ नये. घरी उत्तर पाठवू नका.

ताई, यांच्या उशाखालचं तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही मोजलं ते खरं आहे. तो स्पीकर नानांचा नाही.

नानांना झटका आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात असं झालं. वाचा गेल्यापासून त्यांना स्पीकर हाच विरंगुळा होता. सकाळपासून लावून द्यायचो. बंद झाला की डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर पेला आपटायचे. त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं. यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांना धुतलं होतं, चादर बदलली होती, अंगावरचा सदरा अजून ओला होता. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात की दोन्ही स्पीकर नानांच्या डोक्यापासून सारख्या अंतरावर हवेत, कानाच्या उंचीला हवेत, टेप घेऊन मोजून घे. हे हो हो म्हणाले. फोन ठेवला. आणि उजव्या बाजूच्या खोक्यात सरळ लाथ घातली. पाय कागदातून आरपार गेला. मी दारात भात घेऊन उभी होते.

नाना बघत होते. आवाज काढता येत असता तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर यांनी ऐकल्या असत्या. ते नुसते बघत राहिले. हे त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. नानांनी हात ठेवला नाही.

नंतर हे चार महिने तसाच स्पीकर शोधत फिरले. मालेगाव, धुळे, येवला, भंगारवाल्यांच्या दुकानांतून. फुटलेला नमुना म्हणून पिशवीत घेऊन जायचे. मालेगावच्या एका भंगारवाल्याकडे चौकटीवरचा तोच शिक्का दिसला, तिथे त्यांनी फुटलेला टाकून दिला आणि तो घेऊन आले. खोक्यात बसवला, पुसून चकचकीत केला, आणि नानांना ऐकवायला लावला. फार आनंदात होते त्या दिवशी, मला गूळ आणायला सांगितला.

नानांनी थोडा वेळ ऐकलं. मग तोंड भिंतीकडे केलं. डाव्या हाताने खूण केली की बंद करा. दोन्ही बंद करा. त्यानंतर दीड वर्ष ते जगले, पण त्यांनी पुन्हा स्पीकर लावू दिला नाही. पेलाही आपटला नाही. घर इतकं शांत झालं की मला कामात आवाज करावासा वाटायचा.

तुम्ही यायचात तेव्हा विचारायचात की नाना का ऐकत नाहीत. हे सांगायचे, आता त्यांना ऐकू कमी येतं. तुम्ही त्यांच्या कानाला यंत्र लावायला डॉक्टर आणलात. नानांना सगळं ऐकू येत होतं, ताई.

मी हे का सांगते ते मला नीट सांगता येत नाही. हे माझ्याशी सुद्धा कधी बोलले नाहीत. तुमचं पत्र आल्यापासून जेवत नाहीत. तुम्ही यांना चोर समजू नये एवढंच. आणि तुम्हाला कळलं हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा तुमच्यापुढे उभे राहणार नाहीत, हे मी त्यांच्याबरोबर राहून सांगते. तुम्ही मोठ्या आहात, शिकलेल्या आहात. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

या लहान जावेला, म्हणजे भावजयीला, मनातून काढू नका. काय म्हणावं ते सुचत नाही.

तुमची,
छाया


॥ श्री ॥

नाशिक,
४ एप्रिल २०२५

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू रागाने लिहिलंस ते मी रागाने वाचलं नाही.

स्पीकरबद्दल माझी चूक झाली. मी जो रोधक लावत होते तो खराब निघाला, त्यामुळे आकडा वाढून येत होता. काल नवा आणून पुन्हा मोजलं. छप्पन्न आले. म्हणजे जोडी बरोबर आहे. कागद जाड वाटला तो धुळीने आणि वयाने. खिडकीतल्या उजेडात मला नीट दिसलंही नसेल, मोतीबिंदू पिकत आला आहे असं डॉक्टर म्हणाले होते. तुझ्यावर उगीच संशय घेतला. हा विषय आता संपला.

शाळेबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला शिकायचं होतं आणि मी बोलले तर निर्णय बदलेल अशी भीती होती, म्हणून गप्प बसले. सतरा वर्षांची होते, पण न कळण्याएवढी लहान नव्हते.

नानांच्या आजारपणात मी फोनवरून पुष्कळ सूचना दिल्या. त्या द्यायला नको होत्या. इथे बसून उशीची उंची सांगणं सोपं होतं. त्याऐवजी येऊन आठ दिवस राहायला हवं होतं, आणि पेट्याही तेव्हाच करायला हव्या होत्या. गणित तयार होतं, फक्त प्लाय आणायचा होता. हे आत्ता लिहिण्याचं काही खास कारण नाही.

सोळा तारखेला अकरा वाजता मी सटाण्यात पोचते. नामपूरला येणार नाही, गुडघ्यांना प्रवास झेपत नाही. सही करून त्याच दिवशी परत फिरेन. छायाला पुरणपोळ्यांचा घाट घालू देऊ नकोस. ती फार काम करते, तिच्याशी नीट वाग.

भिकन मिस्त्री काल येऊन पेट्या ऐकून गेला. म्हणाला, एका पेटीत बाई बोलते आणि दुसरीत तिची चुलतबहीण. त्याला मी म्हटलं की तुला लाकूड कळतं, तेवढं पुरे.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
उज्वलाताई


॥ श्री ॥

नामपूर,
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
शेखरचा शि. सा. नमस्कार.

बुधवारी तू आलीस, चष्मा काढून चार ठिकाणी सह्या केल्यास, अंगठा दिलास आणि चहासुद्धा न घेता गाडीत बसलीस. वकील म्हणाला, अशी बहीण सगळ्यांना मिळो. साडी नको म्हणालीस तरी छायाने घेतली होती, ती पिशवीतच राहिली. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती, तू मागे बघितलं नाहीस. तुझी मान आखडली असेल.

सनीने चाळीचा पाया खणायला घेतला. सही एका दमात झाली याचं त्याला फार आश्चर्य वाटतं.

तुझं मागचं पत्र मी बरेच दिवस खिशात ठेवलं होतं. तुझं माप चुकलं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तुझ्या आधीच्या पत्रानंतर मी ते रागाचं पत्र पाठवलं खरं, पण ते टाकून आल्यावर बरं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा कागद घेऊन बसलो. दुसऱ्या वेळी तीन पानं लिहून झाली होती, पाकिटावर पत्ताही घातला होता. दत्तूच्या हाती द्यायला दारात थांबलो, तर त्यानेच तुझं पाकीट माझ्या हातात दिलं. वाचलं. रोधक खराब होता म्हणालीस. मग माझी पानं पाठवायचं काही कारण उरलं नाही. ती मी चुलीत घातली.

बरं झालं, नाही का? दोघांचंही काम झालं.

स्पीकर जपून वाजव. नानांचा त्या दोन्हींवर फार जीव होता. तुझ्यासमोर लावू द्यायचे नाहीत, पण तू गेलीस की अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ते त्यावरच ऐकत होते, डोळे मिटून, दोन्ही बाजूंनी. हे तुला माहीत असावं म्हणून मुद्दाम लिहितो.

दिवाळीला येशील तर कळव. लोभात कमी-जास्त काही झालं नाही, असंच धरून चालतो.

तुझा भाऊ,
शेखर